तेराव्या ओळीत नाव नाही

२८ सप्टेंबर
आपत्ती खातं, तालुका कचेरी

प्रति, आरोग्यसेविका, ताश-केचू दवाखाना.
यंदाचा हिवाळा तीव्र आहे असं समजून तयारी करावी. सोबत फॉर्म सात. खिंड बंद होण्याआधी ज्यांना खाली दवाखान्यात आणून ठेवायचं, अशा आजारी, म्हाताऱ्या आणि गरोदर माणसांची नावं, जन्मसाल, आजार आणि बुटाचा नंबर भरून पाठवावा. सोबत चाळीस पोस्टर. ती दर्शनी भागात लावावीत.

कनिशाय ताई, इथपर्यंत साहेबांचं. इथून पुढे तुझा मावसभाऊ मेदेरबेक.

मला इथे चिकटून तीन महिने झाले. आई सगळ्यांना सांगत फिरते की मी आपत्ती सांभाळतो. खरं तर मी फायली सांभाळतो. आपत्ती मेजरसाहेब सांभाळतात. ते सैन्यातून रिटायर झालेत, पण सैन्य त्यांच्यातून अजून रिटायर झालेलं नाही. त्यांचा फोनवर विश्वास नाही. तुमच्या टेकडीवरचा टॉवर वसंतातल्या वादळात पडला, तेव्हा म्हणे ते बोलले होते, "बरं झालं, आता तरी लोक लिहून कळवतील."

तर लिहून कळव. पत्र पाववाल्या तोलोनच्या हाती दे. तो दर दहा दिवसांनी वर येतो ना? तो पत्रं वाचतो असं ऐकलंय. वाचू दे. पोचवतो तरी.

बुटाचा नंबर विसरू नकोस. लोकरीचे जाड बूट आलेत, भरपूर.

मेदेर


७ ऑक्टोबर
ताश-केचू

मेदेर बाळा,

पोस्टर मिळाली. 'लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावे.' चाळीसही तीच. आमच्या गावात घरं एकेचाळीस आहेत आणि सगळ्यात उंच वस्तू म्हणजे गवताची गंजी. दर्शनी भागात लाव म्हणालास म्हणून एक दवाखान्याच्या दारावर लावलं. बाया येऊन बघतात आणि विचारतात, हा कुठला आजार. बाकीची वासरांच्या गोठ्यात फटींवर ठोकली. वारा अडतो. तुझ्या साहेबांना कळव की उपयोग झाला.

आता फॉर्म. नावं लिही म्हणतोस. अरे, मी ह्या गावची सून आहे! इथली सगळी पुरुषमाणसं माझ्या नवऱ्याच्या कुळातली. कोणी चुलतसासरा, कोणी थोरला दीर. एकाचंही नाव मी अकरा वर्षांत तोंडातून काढलेलं नाही, की कागदावर लिहिलेलं नाही. तुला हसू येत असेल. दवाखान्याच्या रजिस्टरात मी घर नंबर लिहिते. 'घर आठ, खोकला.' 'घर तीस, घोड्याने लाथ मारली.' आजवर कोणाला चुकीचं औषध गेलेलं नाही.

म्हणून मी फॉर्म सासऱ्यांपुढे ठेवला. एकतीस वर्षं खिंडीतल्या हवामान केंद्रावर निरीक्षक होते, रकाने भरणं त्यांच्या रक्तात आहे. केंद्र बंद होऊन वीस वर्षं झाली तरी अजून रोज सकाळी आठला अंगणात रोवलेली बर्फाची काठी बघतात आणि वहीत लिहितात. त्यांनी एका बैठकीत बारा नावं लिहून दिली. रेघ कुठे हललेली नाही. खाली मी सही केली.

बूट मात्र तेरा जोड पाठव. तेरावा पंचेचाळीस नंबरचा.

मावशीला सांग, कुरुत, म्हणजे दह्याचे गोळे, वाळले की पिशवीभर पाठवते.

तुझी ताई


१६ ऑक्टोबर
तालुका कचेरी

ताई,

यादी इतकी सुंदर आली की मेजरसाहेबांनी ती दुसऱ्या गावांना नमुना म्हणून दाखवली. मग त्यांनी बूट मोजले.

"माणसं बारा, बूट तेरा. हा तेरावा कोण?"

मी म्हटलं, चुकून असेल.

"चुकून माणूस जास्त होतो. बूट जास्त होत नाही. बुटाला माणूस लागतो."

तर हा पंचेचाळीस नंबर कोण? तुझ्या नवऱ्यासाठी असेल तर ताई, राग मानू नकोस, पण तो रशियात आहे आणि तिथे बूट मिळतात.

बाकी योजना अशी: खिंड पंचवीस नोव्हेंबरला बंद होईल, असा राजधानीतून अंदाज आलाय. वीस तारखेला बस येईल आणि यादीतल्या बाराजणांना खाली आणेल. बसमध्ये शेगडी आहे. चहाची सोय बघतो.

मेदेर


२५ ऑक्टोबर
ताश-केचू

मेदेर,

हे पत्र तोलोनने वाचू नये म्हणून मी पाकीट शिवलंय. तरी वाचलंच तर, तोलोन, तुझ्या गुडघ्याचं इंजेक्शन माझ्याच हातात आहे.

पंचेचाळीस नंबर सासऱ्यांचा.

मागच्या हिवाळ्यात त्यांना बेचाळीस लागायचा. ऑगस्टात त्यांनी शेजाऱ्याकडून चव्वेचाळीस मागून आणला. मी विचारलं, जुन्याला काय झालं? म्हणाले, "लोकर आकसली." आता चव्वेचाळीसही आकसलाय. रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात, आणि सांगतात की छपराचा आवाज ऐकत होतो. काठीपर्यंत वीस पावलं आहेत. मध्ये दोनदा थांबतात आणि आकाशाकडे बघतात. ढग बघितल्यासारखं करतात. आकाशात ढग नसतो.

मी नर्स आहे बाबा. मला पाय बघायची गरज नाही, बूट बघून कळतं. हृदय थकलंय. गोळ्या देते आहे, त्या 'सांध्यांच्या' म्हणून देते. पण खालच्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय हा हिवाळा निघणार नाही. यादीत ज्याला सगळ्यात आधी जायला हवं, त्यानेच यादी लिहिली आणि स्वतःला वगळलं.

एकदा हिंमत करून म्हटलं, तुम्हीही जाऊन या बसने. त्यांनी पेला खाली ठेवला. "चार वर्षांपूर्वी तुझी सासू पण यादीत होती," म्हणाले. तुला आठवत असेल. नोव्हेंबरात गेल्या, जानेवारीत दवाखान्यात वारल्या, खिंड बंद. एप्रिलमध्ये आम्ही त्यांना आणून पुरलं. "यादीत गेलेलं माणूस यादीतच राहतं. माझं नाव त्या कागदावर दिसलं तर ह्या घरात मी चहा पिणार नाही." हे त्यांनी मला सांगितलं, आणि मग शुक्रवारच्या नमाजानंतर सगळ्या गावालाही सांगितलं. आता गावातला एकही पुरुष त्यांचं नाव लिहायला तयार नाही. निम्म्यांना त्यांनीच लिहायला शिकवलंय.

तू लिही ना. तिकडच्या तिकडे. तेरावी ओळ.

आणि एक. ते म्हणतात खिंड बारा नोव्हेंबरला बंद होईल. पंचवीसला नाही. काठी आणि वही बघून म्हणतात.

कनिशाय


३ नोव्हेंबर
तालुका कचेरी

ताई,

मला लिहिता येत नाही. म्हणजे येतं, चालत नाही. नियम असा की नाव गावातल्याच हाताने लिहिलेलं पाहिजे, कचेरीतल्या माणसाने एक अक्षर घालायचं नाही. मागच्या वर्षी एकाने आपल्या सासूला यादीत घातलं, कोळसा मिळावा म्हणून. पथक तिला न्यायला गेलं तेव्हा ती तुर्कस्तानात मुलीकडे लिंबाच्या झाडाखाली बसली होती. तेव्हापासून मेजरसाहेब प्रत्येक यादीतलं हस्ताक्षर भिंगातून बघतात. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये. भिंग आहे.

आणि खरं सांगू? तुझ्या सासऱ्यांचं नाव मला माहीतही नाही. तुझ्या लग्नात मी पंधरा वर्षांचा होतो, सगळे त्यांना व्याहीबुवाच म्हणत होते. काल मी तळघरात जाऊन खिंडीतल्या केंद्राच्या जुन्या वह्या काढल्या. एकतीस वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. प्रत्येक पानाखाली सही आहे. सही म्हणजे एक उभी रेघ आणि तिला आडवा फराटा. बर्फाची काठीच काढलीय. नाव काही लागेना.

एक बघितलं मात्र. त्यांच्या वहीत खिंड बंद होण्याचा अंदाज आणि खरी तारीख शेजारी शेजारी आहेत. एकतीस वर्षांत सगळ्यात मोठी चूक: तीन दिवस. मी वही साहेबांकडे नेली, बस दहा तारखेला पाठवू म्हटलं. ते म्हणाले, "हा निरीक्षक आता नोकरीत आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग बर्फ त्याचं का ऐकेल?"

ताई, संमती लागत नाही. आरोग्यसेविकेने लिहून दिलं की माणसाला न्यावंच लागतं, ओरडत असला तरी. फक्त एक नाव. तू शिकलेली आहेस. सुया टोचतेस, बाळंतपणं करतेस. चार-पाच अक्षरं लिही आणि तोलोनकडे दे. चहाचं नंतर बघू.

मेदेर


९ नोव्हेंबर
ताश-केचू

मेदेर,

कागद संपला म्हणून लिफ्टच्या पोस्टरमागे लिहिते आहे.

काल दुपारी दवाखान्याचं दार लावून बसले. पेनात शाई होती. हात धुतले होते, का धुतले कोण जाणे. पहिलं अक्षर येतं, तिथे हात उभा राहतो. सवयीचं घोडं जसं ओढ्याशी उभं राहतं ना, तसा. मारलं तरी पुढे जात नाही.

अंधश्रद्धा म्हणशील. तसं असतं तर सोपं होतं, मी गंडा बांधून लिहिलं असतं. ऐक. नवरा रशियाला गेला त्याला सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं फोन आले. मग फोन आले ते दुसऱ्याच कोणाचे, की तिकडे त्याचं घर झालंय. माझी आई, म्हणजे तुझी मावशी, मला न्यायला आली. आठवतं? सासऱ्यांनी मला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. सकाळी उठून अंगणातल्या काठीपासून दवाखान्यापर्यंतची वाट फावड्याने मोकळी केली. तेव्हापासून रोज करतात. माझ्यासाठी केली असं आजवर म्हणालेले नाहीत. मुलाने जे मोडलं त्याबद्दल एक शब्द नाही. नुसती वाट.

त्याबदल्यात माझ्याकडे द्यायला काय आहे? मांस तेच कापतात, चूल तेच पेटवतात. मी एवढंच देते की ह्या घरात त्यांचं नाव माझ्या तोंडून खाली पडत नाही. तेवढं एकच तर आहे. तेच त्यांच्याविरुद्ध कागदावर कसं लिहू?

तेरावी ओळ भरून पाठवते आहे. जन्मसाल भरलंय. आजार भरलाय, लॅटिनमध्येसुद्धा. बूट पंचेचाळीस. घर सतरा. नावाचा रकाना रिकामा आहे. तुझ्या साहेबांना भिंगातून बघू दे.

तोलोन हॉर्न वाजवतोय. म्हणतो आकाश ठीक दिसत नाही. सासरे अंगणातून म्हणाले, "जा तू, अजून तीन दिवस आहेत."

कनिशाय


१४ नोव्हेंबर
तालुका कचेरी

ताई,

हे पत्र माझ्या खणात राहणार. तोलोन ह्या वेळी लवकरच निघाला होता, पण काल अर्ध्या वाटेवरून परत आला. बारा तारखेला दुपारी खिंडीत बर्फाची दरड कोसळली. बाराच तारखेला.

साहेबांनी तुझी तेरावी ओळ बराच वेळ बघितली. "आजार आहे, बूट आहे, माणूस नाही." मग लाल पेन्सिलीने रकान्याभोवती गोल काढला आणि कागद फायलीत घातला.

वीस तारखेची बस ठरल्याप्रमाणे निघणार आहे. खिंडीपर्यंत जाईल, चहा पिईल, परत येईल. अहवालात 'बस वेळेवर' असं लिहिलं जाईल. मला शेगडी पेटवायला सांगितलंय.

आता तुमच्याकडे फक्त दवाखान्यातलं वायरलेस. सकाळी आठला, दहा मिनिटं. बॅटरी जपून वापर. काही झालं तर हेलिकॉप्टर मागता येतं, पण त्यालाही नाव लागतं, ताई. हा नियम मी कसाही वळवून लिहिला तरी तसाच राहतो.

मेदेर


१९ जानेवारी
ताश-केचू

मेदेर,

हे पत्र पायलटच्या खिशात देते आहे. ज्यांना घेऊन तो निघालाय ते तुला दवाखान्यात भेटतील. मोजे बदल त्यांचे.

तू परवा वायरलेसवर का नव्हतास? नंतर कळलं, दुसऱ्या घाटात रस्ता उपसत होतास. तुझे मेजरसाहेबच होते.

असं झालं. परवा सकाळी सासरे नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच काठीपाशी गेले, आणि मी खिडकीतून बघते तर काठी उभी आणि ते बसलेले. बर्फात, मांडी घालून, वही मांडीवर. ओठ निळे. रात्रीच्या वादळात घर तीसचा तबेला कोसळला होता, गावातले सगळे पुरुष तिकडे घोडे उपसत होते. मी आणि शेजारच्या दोघी सुनांनी मिळून त्यांना त्यांच्याच फावड्याच्या वाटेवरून सतरंजीवर ओढत दवाखान्यात आणलं. वाट मोकळी होती म्हणून आणता आलं. पहाटेच केली होती त्यांनी.

आठ वाजले. वायरलेस लावलं.

"ताश-केचू बोलतंय. हेलिकॉप्टर पाहिजे. पुरुष, त्र्याहत्तर, हृदय."

"नाव?"

"माझे सासरे."

"ते नातं झालं. नाव सांगा."

"घर सतरा. यादीतली तेरावी ओळ. तुम्ही त्यावर लाल गोल काढलाय, मेदेर वायरलेसवर म्हणाला होता."

"गोल काढलाय. गोलाला उचलायला हेलिकॉप्टर उडत नाही, बाई. नाव."

मी त्या दोघींकडे बघितलं. दोघी त्याच कुळाच्या सुना. एक छताकडे बघायला लागली. दुसरी म्हणाली, "मी जाऊन कोणा पुरुषाला बोलावते," आणि दार उघडलं तर बाहेर छातीभर पांढरं उडत होतं. सात मिनिटं राहिली होती.

सासरे शुद्धीवर होते. त्यांना स्वतःला सांगता आलं असतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ असे घट्ट धरले होते, की मला कळलं, हे श्वास पुरवत नाहीयेत. हे सांगत नाहीयेत.

मग मी म्हटलं.

"शेरमात."

खोली पडली नाही. चूल जळत राहिली. शेजारणीने डोईचा रुमाल तोंडावर ओढला.

"आवाज तुटतोय. पुन्हा."

"शेरमात."

"अजून एकदा, मोठ्याने."

अकरा वर्षं एकदा नाही, आणि एका मिनिटात तीनदा. तिसऱ्यांदा मी असं ओरडले की गोठ्यातली गाय हंबरली. आणि ह्या वेळेला दरीतलं प्रत्येक गाव वायरलेस लावून बसलेलं असतं, हे तुला माहीतच आहे.

"शेरमात, कोणाचा मुलगा?"

मेदेर, सासऱ्याच्या बापाचं नाव! मी बोलायचं बटणच सोडून दिलं. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "दे इकडे. तेवढं मी सांगतो."

आणि वायरलेसमध्ये म्हणाले, "जुमालीचा. लिहून घ्या. वारा वायव्येचा, बर्फ एकशे चाळीस. परवा दहा ते बारा आकाश उघडेल, तेव्हाच पाठवा. आधी पाठवाल तर पायलट मरेल."

पलीकडे साहेबांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "कळलं."

आज दहाला उघडलं. मी त्यांना उचलून हेलिकॉप्टरमध्ये ठेवलं तेव्हा त्यांनी तोंड आकाशाकडे वळवलं. वही मात्र बरोबर घेतली आहे. चहा दिला होता सकाळी. पेला भरलेलाच आहे, तो मी अजून उचललेला नाही. ते चहावरचं बोलणं खरं करत होते, की नुसतंच नको होतं, मला कळलं नाही. काही समजलं तर कळव. चांगलं नसलं तरी कळव. एप्रिलपर्यंत वाट बघायला लावू नका.

कनिशाय


९ मार्च
तालुका कचेरी

ताई,

पिठाचं हेलिकॉप्टर उद्या वर येतंय म्हणून घाईत.

आधी मोजमाप: काल त्यांना बेचाळीस नंबरचा बूट घातला. सैल होतो.

पायांतलं पाणी उतरलं, आता आडवे झोपतात. डॉक्टर म्हणतात खिंड उघडली की घरी. वॉर्डात त्यांनी खिडकीच्या चौकटीवर खुणा केल्यात आणि रोज आठला कचेरीत फोन करून आमचा अंदाज दुरुस्त करतात. मेजरसाहेबांनी पहिले चार दिवस फोन आपटला. पाचव्या दिवशी कागद-पेन घेऊन बसले. परवा मला म्हणाले, "फॉर्म सातमध्ये एक रकाना वाढव. नाव सांगणारी व्यक्ती सून असल्यास, घर नंबर चालेल." भिंग खणात गेलंय.

चहाचं मी विचारलं नाही, भीती वाटली. त्यांनीच आज मला एक चिठ्ठी दिली, 'तिला दे' म्हणून. मी वाचली नाही. तोलोनने वाचली. तो म्हणतो, सगळं ठीक आहे.

मेदेर


(चिठ्ठी, वहीचं पान)

९ मार्च. सकाळी ८.
तापमान: उणे सहा.
नवा बर्फ: नाही.
वारा: नाही.
इथला चहा: पितो. पातळ आहे. घरचा पेला धुऊन ठेव.
वाट: कोणाकडून तरी काढून घे. मी आल्यावर बघेन.
पुढच्या सालच्या यादीत पहिल्या ओळीत माझं नाव मी लिहिलं आहे. तू पुन्हा घ्यायचं कारण नाही.
सुनेने नाव घेतल्याचे परिणाम: अजून काही आढळले नाहीत. निरीक्षण चालू आहे.